पितळी बिल्ला आणि गयाबाईचा पाय

मला आयुष्यभर दोन प्रकारच्या माणसांनी एकच प्रश्न विचारला. एक जण चहाच्या टपरीवर डोळे बारीक करून विचारायचा, "काय मिस्तरी, किती बाटवले आतापर्यंत?" दुसरा चर्चच्या दारात हात जोडून, मान तिरकी करून विचारायचा, "बंधू, तुमच्या सेवेतून किती आत्मे आले?" पहिल्याला मी मनातल्या मनात शिवी हासडायचो आणि दुसऱ्याला "प्रभूची कृपा" म्हणायचो. आता निवृत्त झालो आहे, कुणाच्या हाताखाली नाही, म्हणून सांगतो की शिवी दोघांनाही द्यायला हवी होती आणि ती मोठ्याने द्यायला हवी होती.

संपादकांनी "आपल्या सेवेबद्दल लिहा" असं कळवलं. सेवाबिवा काही नाही हो. मी चपला केल्या. हिंगोलीबाहेरच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात एकतीस वर्षं चपला केल्या. संस्था ख्रिस्ती, मीही ख्रिस्ती, आणि चपला घालणारे सगळ्या जातींचे, सगळ्या धर्मांचे. नाव शांतवन, पण मला त्या नावाने फक्त चर्चवाले आणि बायको हाक मारतात, बाकी सगळ्यांचा मी मिस्तरी.

ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बऱ्या झालेल्या माणसापासून कुणाला काहीही होत नाही. हे मी हजारदा सांगितलं असेल, आणि हजारदा ऐकणाऱ्याने मान डोलावून चहाचा कप वेगळा ठेवला. पण गोळ्यांना उशीर झाला तर रोग जातो आणि नसा मेलेल्या राहतात. मग पायाला कळतच नाही. काटा मोडला कळत नाही, निखाऱ्यावर पाय पडला कळत नाही, उंदराने बोट कुरतडलं तरी माणूस झोपलेला राहतो. ज्याला दुखतं तो लंगडतो, थांबतो, बघतो. ज्याला दुखत नाही तो जखमेवर दिवसभर चालतो, सोयाबीन काढतो, डोक्यावर पाणी आणतो, आणि महिन्याभरात हाड कुजतं. लोकांना वाटतं की रोगाने बोटं गळतात. रोगाने काही गळत नाही, न दुखण्याने गळतात.

म्हणून चप्पल. पेशंटचा पाय कागदावर ठेवायचा, पेन्सिल उभी धरून भोवती रेघ ओढायची. आत मऊ रबर, खाली टायरचा जाड तळ, वर रुंद पट्टे, मागे टाच धरायला एक पट्टा. सगळं शिवायचं किंवा चिकटवायचं. खिळा, टाचणी, रिबीट, बक्कल, धातूचं काहीही चालत नाही. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्या पेटीतले सगळे खिळे काढून घेतले आणि विहिरीत टाकले. मी जातीचा चप्पल करणारा, घरचा धंदा, खिळ्याशिवाय चप्पल म्हणजे मला पोरखेळ वाटला. उस्ताद म्हणाले, "गिऱ्हाइकाला खिळा लागला तर ते तुला शिव्या देईल. आपलं गिऱ्हाईक शिव्या देत नाही. त्याला कळतच नाही." एवढं बोलून ते कामाला लागले आणि पुन्हा कधी त्यांना ते सांगावं लागलं नाही.

आमची चप्पल टिकाऊ होती, पायाला मऊ होती, आणि दिसायला भयंकर होती. सगळ्यांना एकाच रंगाची, एकाच घाटाची. बसस्टँडवर लांबूनच ओळखू यायची. हिंगोलीत बांगड्यांचा धंदा करणारे करीमचाचा माझे जुने गिऱ्हाईक. एकदा आले ते बाकावर बसून गंभीरपणे तक्रार करू लागले. "मिस्तरी, मस्जिद के बाहर से सबकी चप्पल चोरी होती, मेरी कोई छूता बी नहीं. इतनी खराब बनाते क्या तुम?" आणि मग स्वतःच असे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. पाणी आणायच्या निमित्ताने मागे गेलो आणि तिथे थोडा वेळ उभा राहिलो, कारण हसू थांबल्यावर तोंड कसं करावं ते कळेना.

त्यानंतर मी नियम जरा वाकवायला लागलो. नांदेडहून रंगीत रेक्झिन आणायचं, पट्टे बाजारातल्या चपलेसारखे कापायचे, मऊ रबर कडेने झाकून टाकायचं. बायकांसाठी मरून, चॉकलेटी, कडेला नक्षीची शिलाई. वेळ दुप्पट लागायचा. पण ती चप्पल घालून बाई आठवडी बाजारात उभी राहिली तर भाजीवालीसुद्धा तिच्या पायाकडे दुसऱ्यांदा बघायची नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला अभिमान वाटावा असं हे एकच, आणि ते नियमात नव्हतं.

आता थोडं धर्माबद्दल, कारण त्याशिवाय पुढचा राग कळणार नाही. माझा आजा मेलेली गुरं ओढायचा. गावातल्या मोठ्या घरांवरून जाताना त्याला पायातली चप्पल काढून हातात घ्यावी लागायची. चपला करणारा तो, आणि घालायची बंदीही त्यालाच. त्याला चर्चच्या एका पाळकाने सांगितलं की, बाबा रे, या जगात तू एकटाच माणूस असतास तरी देव तुझ्या एकट्यासाठी खाली उतरला असता. तुझ्या आत्म्याचं मोल एवढं आहे की सगळं जग तागडीत टाकलं तरी पारडं तुझ्याच बाजूला झुकेल. आज्याला लिहिता वाचता येत नव्हतं. त्याला त्रैक्य, तारण, पुनरुत्थान यातलं किती कळलं देव जाणे. पण हे एक वाक्य त्याला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी तो चप्पल घालून त्या रस्त्याने गेला. मार खाल्ला. तिसऱ्या दिवशी परत गेला. आमच्या घरात श्रद्धा आली ती अशी, आणि म्हणून त्या वाक्याचा कुणी बाजार मांडला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

बाजार मांडला नव्या साहेबांनी. माझी नोकरी संपायला दोन वर्षं राहिली असताना ते संस्थेचे प्रमुख म्हणून आले. शहरातले, कडक इस्त्रीचे, गोड बोलणारे. वाईट माणूस नव्हता, हीच तर तकलीफ. प्रार्थनेत खरोखर रडायचे. पण त्या दोन वर्षांत मी त्यांना एकदाही पेशंटचा पाय हातात घेताना पाहिलं नाही. एके दिवशी कार्यशाळेत आले, चपलांची मांडणी बघून "वा, वा" केलं, आणि विचारलं, "शांतवन बंधू, या चपलांमधून किती आत्मे आले?"

मी म्हणालो, "साहेब, पाय आले. आत्मे त्यांच्याबरोबरच होते, वेगळे नाही आले."

त्यांना विनोद वाटला. हसले आणि खिशातून एक पितळी बिल्ला काढला. रुपयाच्या नाण्याएवढा, मधोमध क्रूस, भोवती संस्थेचं नाव, मागे दोन टोकं. टोकं पट्ट्यातून घालून आतून वाकवायची. "प्रत्येक जोडीला अंगठ्यापाशी हा लावायचा. लोकांना दिसलं पाहिजे की ही प्रीती कुणाची आहे. देणगीदार पाहुणे येणार आहेत."

मी सांगितलं, "साहेब, धातू चालत नाही."

"आतून वाकवल्यावर काय होतंय? वरून चामड्याचा तुकडा चिकटवा."

"घामाने तुकडा निघतो."

"बंधू," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वधस्तंभाची, या क्रूसाची लाज वाटते का तुम्हाला?"

ज्याच्या आज्याने मार खाल्ला त्याला हा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या बुटाला सकाळीच पॉलिश झालेलं. पण मी बिल्ला हातात घेतला. राहतं घर संस्थेचं होतं. बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. कारणं भरपूर होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी चाळीस जोड्यांना बिल्ले लावले. त्या चाळीसमध्ये एक जोडी गयाबाईची होती.

गयाबाई सेनगाव तालुक्यातल्या एका लहान गावची, विधवा, दीड एकर कोरडवाहू आणि एकुलती एक मुलगी सुनीता. रोग बरा होऊन नऊ वर्षं झाली होती. दोन्ही पाय बधिर, डाव्याची बोटं थोडी आत वळलेली, बाकी धडधाकट. स्वभावाने तिखट. सुनीताचं लग्न शिरड शहापूरच्या मुलाशी ठरलं होतं. पाहुण्यांना आईच्या जुन्या रोगाबद्दल ठाऊक नव्हतं आणि गयाबाईने सांगितलं नव्हतं. तिने खोटेपणा केला असं म्हणणाऱ्याने आधी अशा आईची लेक स्वतःच्या घरात सून म्हणून आणून दाखवावी.

लग्नाच्या महिनाभर आधी ती आली तेव्हा म्हणाली, "मिस्तरी, मला अशी चप्पल करा की मांडवात कोनी माह्या पायाकडं पाहू नये. इहिणीला हाताला धरून आनायचं हाय मला. पायघड्यांवरून."

आमच्या भागात नवऱ्या मुलाच्या आईला मांडवात आणताना जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या अंथरतात, त्या पायघड्या. मुलीच्या आईने विहिणीचा हात धरून तिला त्यावरून आणायचं. गयाबाईला तो मान हवा होता. मी तिच्यासाठी मरून पट्ट्यांची जोडी केली, कडेला पिवळ्या दोऱ्याची वेल. तेवढी सुंदर जोडी मी कधी केली नव्हती. ती मांडणीवर असताना साहेबांनी पाहिली आणि म्हणाले, "हिला आधी लावा."

गयाबाई चप्पल न्यायला आली तेव्हा साहेब कार्यशाळेतच उभे होते, कुणाशी तरी फोनवर बोलत. तिने जोडी हातात घेतली, वेलीवरून बोट फिरवलं, आणि बिल्ला पाहून चमकली.

"ह्ये काय? पाव्हने म्हनतील की बाई बाटली. आन त्यात दवाखान्याचं नाव! काढा बरं ह्ये."

माझ्या समोर पक्कड पडली होती. मी साहेबांकडे पाहिलं. मग आवाज खाली करून तिला म्हणालो, "घरी नेऊन काढून टाका. विळ्याच्या टोकाने निघेल."

एकतीस वर्षांत मी बोललेल्या सगळ्या वाक्यांत हे वाक्य सगळ्यात नीच. चार आसवं गाळून ते धुतलं जात नाही.

लग्नाला मला बोलावणं होतं. गेलो. घरासमोर मांडव, बँडवाल्यांचा गोंधळ, जीपमधून उतरलेली पाहुणेमंडळी. गयाबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पायात माझी चप्पल होती, बिल्ला काढलेली. लांबून मला वेलीचा पिवळा दोरा दिसला आणि बरं वाटलं. पायघड्या अंथरल्या. गयाबाई विहिणीचा हात धरून निघाली. बायका उखाणे घेत होत्या, पोरं नाचत होती. विहीण ठसक्यात चालत होती आणि गयाबाई तिच्याहून ठसक्यात.

अर्ध्या वाटेत एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, रगत!"

पांढऱ्या कापडावर, एका सरळ रेषेत, पावलागणिक एक लाल डाग पडला होता. सगळे थांबले. विहिणीने स्वतःचे पाय पाहिले. मागच्या बायकांनी आपापले पाय उचलून पाहिले. कोणीतरी म्हणालं, काच पडली असंल, पाहा बरं कोनाला लागलं. आणि गयाबाई हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माहं न्हाई बा. मला काई दुखून न्हाई राहिलं."

तिने असं म्हणायला नको होतं. पण तिला काय ठाऊक? सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या तेव्हा तिच्या डाव्या चपलेतून रक्त गळत होतं. न दुखणारी जखम कशाची असते हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक आहे. विहिणीने हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, आणि पदराला पुसला.

मी पुढे धावलो. खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला, पट्टा सोडवला. विळ्याने उचकटताना बिल्ला निघाला होता पण त्याचं एक टोक तुटून पट्ट्याच्या आत राहिलं होतं. चालता चालता ते खाली सरकलं आणि मऊ रबरात उभं राहिलं, थेट अंगठ्याखाली. सकाळपासून ती त्यावर चालत होती. मी ते ओढून काढलं, रुमाल बांधला. चांगलं केलं असं तुम्हाला वाटेल. पण पाहुण्यांतला एक जण मला ओळखत होता. तो मागच्याला म्हणाला, "ह्यो तर महारोग्यांच्या दवाखान्याचा मिस्तरी हाय." जी थोडी शंका शिल्लक होती ती मी खाली बसून मिटवली.

लग्न मोडलं नाही. मुलगा हटून बसला, त्याला मी आजही मानतो. पण मुलाच्या काकाने अट घातली की ही बाई मांडवात नको. आपल्या एकुलत्या एका लेकीवर अक्षता पडत असताना गयाबाई घरामागे उभ्या केलेल्या रिक्षात बसली होती. मी तिच्या शेजारी. मंगलाष्टकं ऐकू येत होती. ती त्यांच्या तालावर मान हलवत होती. मी तिला लगेच दवाखान्यात चला म्हणून विनवलं, ती म्हणाली, पाठवणी होऊ द्या. मग हळद दाबून आठ दिवस घरीच राहिली. नंतर नांदेडला नेलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला.

पुढच्याच रविवारी देणगीदार पाहुणे आले. आमच्यात उपासनेत साक्ष देण्याची रीत आहे. एखाद्याने उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. साहेबांनी आधीच जाहीर केलं की शांतवन बंधू आज साक्ष देतील, बिल्ल्यांमुळे सुवार्ता, म्हणजे प्रभूचा निरोप, खेड्यापाड्यांत कशी पोचली त्याची.

मी उभा राहिलो आणि ते तुटकं पितळी टोक पुढच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर ठेवलं. म्हणालो, "सुवार्ता पोचली. ही एका बाईच्या अंगठ्याखाली पोचली. देव तिच्या एकटीसाठी खाली उतरला असता असं आपण शिकवतो. मग तिच्या पायापुढे आपण वाकायचं, की त्यावर आपली पाटी ठोकायची? तिच्या आत्म्याची कुणी नोंद मागितली तर तिच्या पायाची जबाबदारीही घ्या. साहेबांनी बिल्ला दिला. लावला मी. देवाने काय केलं ते मला सांगता येत नाही, आपण काय केलं ते सांगितलं." आवाज चढला होता. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्या परिचारिका रडत होत्या.

साहेब उठले आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." आणि प्रार्थनेत त्यांनी देवाला विनंती केली की शांतवन बंधूंच्या मनातली कटुता दूर कर. पाहुण्यांनी आमेन म्हटलं.

पण नंतर अंगणात लोकांनी माझे हात धरले. कुणी म्हणालं, मिस्तरी, मर्दासारखं बोललात. दोन दिवसांत बिल्ले गुपचूप बंद झाले. मला घर सोडायची नोटीस आली, तीही मी छाती पुढे काढून घेतली. खरं सांगतो, मी खूश होतो. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, आज्याचं नाव राखलं असं वाटत होतं. त्याच खुशीत मी नांदेडला गेलो, गयाबाईला सगळं सांगायला.

ती खाटेवर बसली होती, पायाला पांढरं बँडेज. मी सगळं सांगितलं. टेबलावर टोक कसं ठेवलं, काय बोललो, साहेबांचा चेहरा कसा झाला, घर कसं गेलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगीचा फोन आला व्हता. म्हनती, माय, इतक्यात माह्या घरी येऊ नको."

मी माफी मागितली. आमच्या धर्मात ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाऊन मागावी लागते, आणि ती मी सगळ्यांत शेवटी मागत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"साऱ्या लोकाइसमोर बोललात, चांगलं केलं," गयाबाई म्हणाली. "पर मी चप्पल न्यायला आलते तवा तुमच्यापुढं पक्कड पडेल व्हती. मी म्हनलं काढा. मंग काहून न्हाई काढला?"

"साहेब उभे होते," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"माह्या पायाला कळत न्हाई, मिस्तरी," ती म्हणाली. "तुमच्या हाताला तर कळत व्हतं."